पाचशे चाळीस कौले

मी घाटावरच्या एका दूध संघात दुधाची फॅट तपासतो. चोवीस वर्षे झाली. तीन पूर्णांक चार आणि तीन पूर्णांक पाच यांत काय फरक असतो, ते दूध घालणाऱ्याला विचारावे. ही मोजायची सवय घरातही माझ्या मागे येते. बायको म्हणते, "यांना स्वर्गात नेलं तरी आत जायच्या आधी दाराची रुंदी मोजतील."

आमच्या चर्चच्या कमिटीने रत्नागिरी जिल्ह्यात वादळाने पाडलेली घरे उभी करायला माणसे पाठवायचे ठरवले, तेव्हा प्रमुख म्हणून मला नेमले ते याच सवयीमुळे. वादळ आदल्या वर्षी, पावसाच्या तोंडावर आले होते. आम्ही पुढच्या मे महिन्यात गेलो. अकरा माणसे, बारा दिवस, पाच घरे. अकरांत माझी बायको होती आणि नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली आमची मुलगी होती. घरापासून इतके दिवस लांब, एकाच कामावर, आम्ही तिघे पहिल्यांदाच होतो. मला त्याचा फार आनंद झाला होता.

गाव दाभोळच्या खाडीच्या आतल्या अंगाला. आम्ही शाळेच्या दोन वर्गांत राहिलो. बायकोने व्हरांड्यात चूल मांडली. चार घरांचे काम सोपे होते: कुठे पत्रे, कुठे एखादा पडलेला कोपरा. पाचवे घर अवघड होते.

त्या घराच्या बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या होत्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. मधली भिंत मात्र नुसत्या मातीची, दीड फूट जाडीची, आणि छपराचे आढे तिच्यावरच टेकलेले. वादळात फणस छपरावर पडला, कौले गेली, निम्मे वासे मोडले. भिंत मात्र उभी राहिली. घरच्या बाईने तिच्यावर ताडपत्री घातली, ताडपत्रीवर झावळ्या आणि झावळ्यांवर दगड. अख्खा पावसाळा तिने ती भिंत कोरडी ठेवली. आम्ही गेलो तेव्हा मी भिंतीला ओळंबा लावून पाहिला. सहा फुटांत फक्त अर्धा इंच झुकली होती.

बाई पन्नाशीची होती. गावात सगळे तिला भाभी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. तिचा नवरा जहाजांवर खलाशी होता. सहा वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. मूलबाळ नव्हते. वादळापासून दोघे शेजाऱ्यांच्या गोठ्यात राहत होते. अर्ध्यात म्हैस, अर्ध्यात यांची खाट, मध्ये बांबूचा कूड. शेजारी चांगले होते, गोठा रोज सारवलेला असायचा. पण गोठा तो गोठाच.

मी टेप लावत होतो तेव्हा भाभी जवळ येऊन म्हणाली, "भाऊ, दोन्ही खोल्या नाय झाल्या तरी चालंल. ही एक करा. यांना घरात न्यायचंय."

"दोन्ही होतील," मी म्हणालो. "कधीपर्यंत हवंय?"

"मिरगाच्या आत. हा पाऊस ते गोठ्यात काढायचे नायत."

रडली नाही. घरातले तांदूळ गुरुवारपर्यंत पुरतील असे सांगावे, तसे तिने ते सांगितले. मृगाला तेव्हा अठरा दिवस होते. मी वहीत लिहिले: पाचवे घर, आठवा दिवस पूर्ण.

छपराचे काम करायला गावातलाच एक मिस्त्री होता. साठीचा, बारीक, कानावर पेन्सिल, बोलणे तिखट. आम्ही रंधा धरला की तो काम थांबवून बघत बसायचा. "चालू द्या, चालू द्या. घाटावर लाकूड असंच मारून मारून सरळ करतात काय?" एकदा मला म्हणाला, "साहेब, तुम्ही वासा तीनदा मोजता नि एकदा कापता. मी एकदा मोजतो. उरलेल्या दोन वेळांत मी चा पितो." आमची माणसे हसली. मीही हसलो.

शुक्रवारी तो साडेबाराला हत्यारे ठेवून नमाजाला गेला आणि सव्वादोनला परत आला. मी वहीत लिहिले: मिस्त्री, पावणेदोन तास. का लिहिले ते मला तेव्हा विचारले असते, तर म्हणालो असतो, नोंद म्हणून.

मुलगी दुपारचे जेवण झाले की गोठ्यात भाभीच्या नवऱ्यापाशी जाऊन बसायची. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांचे बोलणे आम्हाला कळत नसे, नुसता घरघर आवाज यायचा. तिला चार दिवसांत कळायला लागले. ते तिला बंदरांची नावे सांगायचे, कुठल्या बंदरात पाणी किती खोल, कुठे किती दिवस थांबावे लागते. तिने हे रात्रीच्या जेवणाला आम्हाला सांगितले, आणि मी बायकोला म्हणालो, "बघ, आपल्यात आणखी एक आकड्यांचा माणूस निघाला." ते तिला रोज एकच प्रश्न विचारायचे: "किती?" म्हणजे आज किती काम झाले. ती सांगायची, आज सात वासे तासले. आज एकूण चौदा झाले. ते डाव्या हाताची बोटे उघडून मिटायचे.

शनिवारी, सहाव्या दिवशी, आम्ही ताडपत्री काढली. उन्हाने ती इतकी विरली होती की हातातच फाटत गेली. जुने आढे उतरवले. नवे आढे बसवायला मातीच्या भिंतीच्या माथ्यावर खाच पाडावी लागली, आणि आढे बसल्यावर ती ओल्या मातीने भरली. मग वासे चढले, त्यांवर कौलांसाठी आडव्या रिपा ठोकल्या. साडेपाचला लाकडाचे सगळे काम संपले. राहिली होती फक्त कौले. पाचशे चाळीस, अंगणात शंभराच्या पाच चळती आणि एक चाळीसची.

भाभीला राहवेना. तिने मिस्त्रीला सांगितले आणि चौघांनी चाचांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून अंगणात आणले. सहा वर्षांत फार कमी वेळा ते उघड्यावर आले होते. त्यांनी मान वर केली आणि डाव्या हाताचे बोट हलवत वासे मोजायला लागले. मग काहीतरी बोलले.

"सतरा म्हणतायत," मुलगी म्हणाली.

"अठरा," मी म्हणालो. "छपराच्या दोन्ही पाख्यांना नऊ नऊ."

त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा तोच आवाज. मी वही उघडली, मग वर बघून मोजले. सतराच होते. अठरावा वासा तासून, रंगवून आंब्याखाली पडला होता. मिस्त्री हसून हसून खाली बसला. "बसल्या बसल्या मोजतोय तो, नि तुम्ही टेप घेऊन फिरता!" चाचांच्या तोंडाची डावी बाजू हसली. तो वासा आम्ही तिथल्या तिथे चढवला. त्या बारा दिवसांतली ती सगळ्यात चांगली पंधरा मिनिटे होती.

त्यांना परत नेताना ते मुलीला काही म्हणाले.

"कौलं कधी, विचारतायत."

"सोमवारी," मी म्हणालो.

मिस्त्री उठून उभा राहिला. "सोमवारी का? उद्या सकाळी चढवू. अकरा माणसं हायत, साखळी केली तर साडेतीन तासांचं काम."

"उद्या रविवार आहे. रविवारी आम्ही काम करत नाही."

"बरं. माझा शुक्रवार, तुमचा रविवार. पण छपराला कुठला वार असतो काय?" त्याने खाडीकडे बघितले. दक्षिणेला ढग होते, पण तसे ते तीन दिवस होतेच. "भिंत उघडी हाय, साहेब."

मी फोनवर हवामान दाखवले. पाऊस बुधवारच्या पुढे होता. तो म्हणाला, "मिरगाचा पाऊस मोजून येतो. त्याच्या आधी येतो तो मोजून येत नाय." मग हत्यारे पिशवीत भरून तो गेला.

शाळेत परतताना बायको म्हणाली, "अहो, उपासना सकाळी सहाला घेऊ या. साडेसातला संपेल. मग चढवू."

"उपासना झाली म्हणून रविवार संपत नाही."

मुलगी मागून येत होती. तिने रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवलेली गोष्ट काढली, विसाव्याच्या दिवशी खड्ड्यात पडलेल्या मेंढराची. "ते वर काढायचं असतं ना पप्पा?"

"असतं. पण मेंढरू अजून पडलेलं नाही," मी म्हणालो.

उत्तर चोख होते, आणि मला ते आवडले होते हे मी इथे कबूल करतो.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण ती सोडली तर वरचे सगळे खोटे होईल. आदल्या वर्षी कमिटीची दुसरी तुकडी दुसऱ्या गावी गेली होती आणि त्यांनी रविवारी सिमेंट कालवले होते. त्याचा फोटो मंडळीत फिरला. त्यांच्या प्रमुखाला वार्षिक सभेत उभे करून जाब विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्यांत मी होतो. शनिवारी संध्याकाळी मी देवाचा दिवस पाळत होतो, हे खरे. पण मला त्या सभेत तसे उभे राहायचे नव्हते, हेही खरे. दोन्हींत कोणते किती, हे मात्र मला कधीच मोजता आलेले नाही.

रविवारी दहाला शाळेच्या व्हरांड्यात उपासना सुरू झाली. सव्वाअकराला पहिला थेंब पत्र्यावर वाजला. पाच मिनिटांत इतका पाऊस झाला की गाणे आम्हालाच ऐकू येईना. मुलगी उठली, चपला न घालता पायऱ्या उतरली आणि पळत सुटली. बायकोने माझ्याकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. मी प्रमुख होतो, मी उठलो असतो तर सगळे उठले असते. मी उठलो नाही. शेवटची प्रार्थना मी केली आणि ती छोटी केली नाही. आमेन म्हटल्यावर घड्याळ बघितले. पाऊस सुरू होऊन अकरा मिनिटे झाली होती.

आम्ही पोचलो तेव्हा मिस्त्री छपरावर होता. तो सकाळी आठपासून एकटाच कौले चढवत होता, खालून त्याची बायको आणि भाभी एकेक देत होत्या. तिघांनी मिळून एका पाख्याचा खालचा भाग झाकला होता. मागाहून मी मोजली, एकशे बत्तीस. मधल्या भिंतीचा माथा अजून उघडा होता. मुलगी आणि भाभी फाटक्या ताडपत्रीचे तुकडे त्यावर पसरत होत्या आणि वारा ते उचलत होता. आम्ही साखळी धरली. ओली कौले हातातून निसटत होती. वीसेक चढली असतील.

मिस्त्रीने खाली वाकून भिंतीकडे बघितले. काल आम्ही भरलेल्या खाचेतून लाल पाणी गळत होते. तो ओरडला, "सगळे भायेर! त्या पोरीला भायेर काढा!" आणि स्वतः शिडीवरून घसरत उतरला. भाभीने माझ्या मुलीला दंडाला धरून ओढले.

मातीची भिंत कोसळत नाही, बसते. तशी ती बसली. फार आवाजही झाला नाही. आढे मधून खाली आले, मग वासे, मग कौले. ज्या जागी खाट यायची होती तिथे कमरेइतका चिखल झाला. वेळ बारा वाजून पाच मिनिटे. कोणाला खरचटलेही नाही, आणि आमच्यातल्या एकाने त्याबद्दल देवाचे आभार मानले. मी मान खाली घालून उभा राहिलो.

भाभीने पदराने तोंड पुसले आणि गोठ्याकडे गेली. तिला आत जाऊन त्यांना सांगायचे होते. मुलगी तिच्या मागे गेली आणि थोड्या वेळाने परत आली.

"किती, असं विचारलं त्यांनी," ती म्हणाली. तिचे पाय गुडघ्यापर्यंत लाल होते. "काय सांगायचं होतं मी?"

उरलेल्या दिवसांत भिंत होणे शक्य नव्हते. मातीचा एक थर घातला की तो दोन-तीन दिवस वाळू द्यावा लागतो. चिऱ्याची बांधावी म्हटले तर खाणीवर पंधरा दिवसांची रांग होती आणि त्यानंतर खाण पावसाळ्यासाठी बंद होणार होती. मी दोन खाणींवर स्वतः गेलो. आम्ही चिखल काढला, वाचलेली लाकडे पुसून शाळेत ठेवली, कौले मोजली. सत्त्याऐंशी फुटली होती. गोठ्याचे छप्पर आम्ही नीट करून दिले. शुक्रवारी निघताना मी चाचांना भेटायला गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. भाभी म्हणाली, "झोपलेत." त्यांचे डोळे उघडे होते, ते मला बाजूने दिसत होते.

गाडीत घाट चढताना मुलीने माझी वही मागितली. मला वाटले चाळेल आणि देईल. तिने बोट ठेवून विचारले, "शुक्रवारचे पावणेदोन तास लिहिलेत. रविवारचे कुठे लिहिलेत?" बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुरे आता." कोणाला म्हणाली, कळले नाही.

कमिटीला मी अहवाल दिला: चार घरे पूर्ण, पाचवे आमच्या निर्णयामुळे पडले. सचिवांनी सुचवले की 'पाच घरांत सेवा' असे लिहावे, तेही खोटे नाही. मी बदलले नाही. सभेत मला कोणी उभे केले नाही. उलट, रविवार पाळल्याबद्दल एका ज्येष्ठ बंधूंनी माझी पाठ थोपटली. ती थाप अजून पाठीवर आहे.

मुलगी चर्चला येत राहिली. फक्त जेवणाआधीची प्रार्थना घरात पाळीपाळीने व्हायची, त्यात माझी पाळी आली की ती डोळे मिटत नसे. मला कसे कळले? कारण मीही मिटत नव्हतो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रीचा फोन आला. त्याने नमस्कार वगैरे केला नाही. "गेले ते. सकाळी." मग म्हणाला, "गोठ्यातनंच नेले." मी विचारले, भाभी कशा आहेत. तो म्हणाला, "कशी असंल?"

मी फोन ठेवल्यावर बायकोला सांगितले. मुलीला तिने सांगितले. मुलगी त्या दिवशी जेवली नाही आणि मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

दिवाळीनंतर आम्ही तिघेच पुन्हा गेलो. कमिटीला विचारले नाही. मी दहा दिवसांची रजा घेतली. चिरे आधीच सांगून ठेवले होते, दोनशे दहा. मिस्त्रीने आम्हाला बघून चेष्टा केली नाही, त्यामुळे पहिला दिवस फार जड गेला. दुसऱ्या दिवशी मी ओळंबा उलट्या बाजूने धरला तेव्हा तो म्हणाला, "घाटावर गुरुत्वाकर्षण वर जातं काय?" तेव्हा जरा बरे वाटले. भिंत सिमेंटात बांधली. लाकडे तीच, फक्त आढे नवे. वासे चढवून झाल्यावर मुलीने खालून मोजले आणि मोठ्याने म्हणाली, "अठरा."

हे झाले शनिवारी, संध्याकाळी पाचला. कौले अंगणात होती. फुटलेल्यांच्या जागी नवी आणली होती. पुन्हा पाचशे चाळीस.

रविवारी सकाळी मी कामाचे कपडे घातले. कोणाला काही सांगितले नाही. बाहेर आलो तर बायको जुनी साडी खोचून उभी होती आणि मुलीच्या हातात हातमोजे होते. आठला आम्ही भाभीच्या अंगणात पोचलो. मिस्त्री शिडी लावत होता.

भाभी गोठ्यातून बाहेर आली. अजून ती तिथेच राहत होती. तिने आमच्याकडे, मग शिडीकडे पाहिले.

"आज रविवार ना तुमचा?"

"होय," मी म्हणालो. "कौलं चढवून टाकू."

ती कौलांच्या चळतीवर बसली. "नको. आज राहू द्या. उद्या चढवा."

"भाभी, आम्हाला चालेल."

"आता घाई कुणाला हाय, भाऊ?"

ती हे टोचून बोलली की नाही, ते मला सांगता येत नाही. मी तो आवाज पुष्कळदा आठवून बघितला आहे. माझा दिवस माझ्यासाठी तिने पाळला, एवढेच खात्रीने सांगता येते. मिस्त्रीने शिडी आडवी केली. मुलगी भाभीशेजारी चळतीवर जाऊन बसली आणि थोड्या वेळाने भाभीने तिचा हात मांडीवर घेतला. बायको आणि मी चिऱ्याच्या पायरीवर बसलो. डोक्यावर उघडे वासे आणि स्वच्छ आकाश. त्या दिवशी मी प्रार्थना केली नाही. नुसता बसलो. संध्याकाळपर्यंत एक थेंबही पडला नाही.

सोमवारी शेजारपाजारची माणसे आली. आम्ही सगळे मिळून तेरा जण झालो. साखळी केली आणि कौले चढवली. मी घड्याळ बघणार नव्हतो, पण बघितले. तीन तास पाच मिनिटे लागली.